मुलीला डॉक्टर करायचंय : बिश्केक की कोल्हापूर?

प्रश्न : आमची मुलगी यंदा बारावीबरोबर पहिल्यांदाच नीटला बसली. पात्र झाली, पण खाजगी महाविद्यालयाची शेवटची फेरीसुद्धा थोडक्यात हुकेल असे गुण आहेत. शहरातल्या एका प्रवेश सल्ला केंद्राने किर्गिझस्तानातल्या बिश्केकचं पत्रक दिलं आहे, सोबत पाठवतो. सहा वर्षांचे राहण्या-खाण्यासकट २४ लाख. इकडे अभिमत विद्यापीठात चौकशी केली तर हिशोब कोटीच्या घरात जातो. घरी तीन एकर ऊस, दूध संघाला जातं, वर्षाचं उत्पन्न पाच लाखांच्या आत. दाखला ओबीसी, नॉन-क्रिमीलेअरही काढलेला आहे. पाहुणे म्हणतात, एक एकर विका आणि पोरीला पाठवा. मुलगी म्हणते, आनंदीबाई जोशी एवढ्या जुन्या काळात गेल्या, मग मी का नको? आनंदीबाईंचा खर्च कोणी केला होता, हेही जमल्यास सांगा.
— कागल तालुक्यातील एक पालक

उत्तर : मुलीच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिने नकळत कोल्हापूरचाच धागा पकडला आहे.

आनंदीबाईंच्या अमेरिकेच्या प्रवासाचं मूळ कोल्हापुरातून गेलेल्या एका पत्रात आहे. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात होते आणि बदलीवर कोल्हापुरात आले होते. इथूनच १८७८ मध्ये त्यांनी मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र घातलं, की पत्नीच्या शिक्षणाची अमेरिकेत काही सोय होईल का. वाइल्डर यांनी बरीच वर्षं कोल्हापुरात काढली होती आणि तेव्हा ते मायदेशी एक मासिक चालवत होते. त्यांनी ते पत्र मासिकात छापलं. न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी दंतवैद्याकडे नंबर लागायची वाट बघताना ते वाचलं आणि आनंदीबाईंना लिहिलं. पुढे त्याच बाईंनी त्यांना स्वतःच्या घरी ठेवून घेतलं.

आता खर्चाचं. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, त्याआधी अंगावरच्या सोन्याच्या बांगड्या विकल्या होत्या. काही हितचिंतकांनी हातभार लावला. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची मदत देऊ केली. म्हणजे ज्या महाविद्यालयात त्या गेल्या, त्याच महाविद्यालयाने त्यांच्या शिक्षणाचा मोठा भार उचलला. ही गोष्ट मुलीला आवर्जून सांगा. आज तिला बोलावणारं विद्यापीठ तिचा भार उचलणार नाही, ते तिच्या फीवर चालणार आहे.

मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंना पदवी मिळाली आणि लगेच कोल्हापूर संस्थानने त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागाची जबाबदारी देऊ केली. हे हॉस्पिटल म्हणजे आपलं आजचं सीपीआर. त्या परतल्या, पण तिकडच्या थंडीने आणि आबाळीने शरीर क्षयाने पोखरलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, वय बावीसही पूर्ण नव्हतं. कोल्हापूरच्या त्या वॉर्डात त्यांना पाऊल ठेवता आलं नाही.

त्याच हॉस्पिटलात पुढे दुसरी एक मुलगी डॉक्टर म्हणून उभी राहिली, आणि माझ्या मते तुमच्या मुलीने जास्त करून तिच्याकडे बघावं. राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानातल्या मुलींच्या शाळा रखमाबाई केळवकरांकडे सोपवल्या होत्या. त्यांची मुलगी कृष्णाबाई. तिला महाराजांच्या मदतीने मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकता आलं. डॉक्टर झाल्यावर ती सीपीआरमध्ये, म्हणजे तेव्हाच्या अल्बर्ट एडवर्डमध्ये कामाला लागली आणि विलायतेला पाठवली गेली ती त्यानंतर, बाळंतपणाच्या शास्त्रातलं पुढचं शिक्षण घ्यायला. आधी पदवी इथे, मग हातात विद्या घेऊन बाहेर. खर्च संस्थानचा आणि परतून करायचं काम ठरलेलं.

आनंदीबाई गेल्या तेव्हा इथे मुलींना डॉक्टरकीची दारं जेमतेम किलकिली होत होती. तुमच्या मुलीपुढचं दार उघडं आहे, पण रांग लांब आहे. दार बंद असेल तर दूर जावंच लागतं. रांग लांब असेल तर आधी रांगेत आपला नंबर कितवा आहे ते नीट बघावं लागतं.

आता पत्रकाकडे येऊ. मी ते ओळ न् ओळ वाचलं. गुळगुळीत कागद, वर इमारतीचा फोटो, खाली ‘एनएमसी मान्यताप्राप्त’ असा गोल शिक्का. पहिली अडचण तिथेच आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग परदेशातल्या कुठल्याही विद्यापीठाला अशी मान्यता देत नाही, मान्य विद्यापीठांची यादीही काढत नाही. आयोगाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी नियम लागू केले, त्यांत काही अटी आहेत आणि त्या प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः पुऱ्या कराव्या लागतात. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि एकाच संस्थेत झालेला हवा. शिकवण्याची भाषा इंग्रजी हवी. त्यानंतर त्याच देशात, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. आणि त्या पदवीवर तिथल्या नागरिकाइतक्याच हक्काने त्या देशात डॉक्टरकी करण्याचा परवाना मिळायला हवा. या सगळ्यावर, भारतात आल्यावर आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप. प्रवेश घेतल्यापासून शिक्षण आणि इंटर्नशिप दहा वर्षांच्या आत उरकायला हवी. पत्रकात यातलं एकही वाक्य नाही.

पत्रकाच्या मागच्या बाजूला खर्चाचा तक्ता आहे. फी, हॉस्टेल, भारतीय मेस. नाही काय? दरवर्षीचं विमानाचं भाडं, व्हिसाचं नूतनीकरण, विमा, थंडीचे कपडे, आजारपण. परत आल्यावर परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात किंवा दिल्लीत राहण्याचा आणि क्लासचा खर्च. आणि फी डॉलरमध्ये आहे, ही बारीक अक्षरातली ओळ. २०१६ मध्ये गेलेल्या मुलाच्या बापाने पहिल्या वर्षी एका डॉलरला सदुसष्ट रुपयांच्या आसपास मोजले. तोच मुलगा २०२२ च्या अखेरीस बाहेर पडला तेव्हा डॉलर ब्याऐंशीच्या वर होता. फी एका डॉलरनेही वाढली नाही असं धरलं तरी शेवटचं वर्ष पहिल्यापेक्षा वीस-बावीस टक्क्यांनी महाग पडलं.

म्हणून चोवीसच्या जागी तीस लाख धरा. आता हे पैसे कर्जाने आणले असं समजून हिशोब करू. दरवर्षी पाच लाख, सहा वर्षं, व्याज दहा टक्के, तेही सरळव्याज. सहा वर्षं तिकडे, मग परीक्षा आणि इथली इंटर्नशिप मिळून किमान दोन वर्षं. आठव्या वर्षाच्या अखेरीस व्याजच साडेसोळा लाख होतं. तीस अधिक साडेसोळा, साडेसेहेचाळीस लाख. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता एकसष्ट हजारांच्या पुढे जातो. मुलगी सगळ्या परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली, असं धरून केलेला हा हिशोब आहे.

आणि खरी मेख त्या परीक्षेत आहे. परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्यांना भारतात नोंदणीसाठी एफएमजीई द्यावी लागते, २००२ पासून ही अट आहे. जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते, ३०० गुणांची, पास व्हायला १५०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. ऐकायला सोपं वाटतं. पण गेल्या काही वर्षांत बहुतेक सत्रांत पास होणाऱ्यांचं प्रमाण पाचांत एक ते चारांत एक एवढंच राहिलं आहे. जे राहतात त्यांतले बरेच पुढच्या खेपेला पास होतात, काहींना चार-पाच खेपा लागतात, काही वाटेतच थांबतात. तोवर त्यांना डॉक्टर म्हणून नोंदणी नाही आणि साधी औषधाची चिठ्ठी लिहिण्याचा हक्क नाही. तुमचा एकर विकला गेलेला असतो आणि पोरगी घरात पुस्तकं घेऊन बसलेली असते. गावात लोक विचारतात, ‘कुठं दवाखाना टाकला?’ त्या पोरीचं काय होत असेल याचा विचार पाहुण्यांनी केलेला नसतो.

या मुलांत हुशारीची कमी असते असं मी मुळीच म्हणणार नाही. परदेशात शिकून आलेले, जिद्दीने परीक्षा काढलेले आणि आज सुरेख काम करणारे डॉक्टर आपल्या जिल्ह्यात आहेत. कोरोनात त्यांनीही जिवावर उदार होऊन वॉर्ड सांभाळले. अडचण वेगळी आहे. डॉक्टर तयार होतो तो रुग्णाशी बोलून. सीपीआरच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी जाऊन बसा. राधानगरीहून आलेली आजी सांगते, ‘छातीत चमक मारतीया, जिना चढला की घेरी येतीया.’ शाहूवाडीचा गडी म्हणतो, ‘पोटात भडभडतंय, रातच्याला कळ येतीया.’ तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी ते ऐकतो, चमक कुठे, कळ कधी, जेवणाआधी की नंतर, असं खोदून विचारतो आणि निम्मं निदान तिथेच होतं. बिश्केकच्या इस्पितळात रुग्ण किर्गिझ नाही तर रशियन बोलतो. वर्गातले धडे इंग्रजीत झाले तरी खाटेवरचा माणूस इंग्रजीत दुखणं सांगत नाही. ज्या मुलांनी पहिल्या दोन वर्षांत मनावर घेऊन रशियन शिकून घेतली, त्यांना वॉर्ड कळला. बाकीची भिंतीला टेकून उभी राहिली. परत आल्यावर परीक्षेत विचारतात ते नेमकं खाटेजवळचं.

त्यात परदेशाची म्हणून असलेली अनिश्चितता. २०२० नंतर चीनमध्ये शिकणारी मुलं दोन वर्षं इथेच अडकली, मोबाइलवर शवविच्छेदन शिकली आणि नंतर त्या ऑनलाइन वर्षांबद्दल त्यांना जादा इंटर्नशिप करावी लागली. २०२२ मध्ये युक्रेनमधून बावीस हजारांच्या आसपास भारतीय परत आणावे लागले, त्यांत मोठा भरणा वैद्यकीयच्या विद्यार्थ्यांचा. आपल्यापासून फार लांब नसलेल्या हावेरी जिल्ह्यातला एक मुलगा १ मार्चला खार्किवमध्ये मारला गेला. मे २०२४ मध्ये बिश्केकमध्येच जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलांवर हल्ले केले आणि आपल्या दूतावासाला मुलांना खोलीतच थांबा म्हणून सांगावं लागलं. हे रोज घडत नाही. पण घडतं तेव्हा आईबापांच्या हातात फोन धरून बसण्याशिवाय काही उरत नाही.

इतकं सगळं खरं असूनही लोक का जातात? कारण पलीकडचा आकडा डोळे पांढरे करणारा आहे. अभिमत विद्यापीठात वर्षाला वीस लाखांच्या वर फी आहे. बावीस धरली तर साडेचार वर्षांचे नव्व्याण्णव लाख, हॉस्टेल वेगळं. एक कोटीचं कर्ज दहा टक्क्यांनी पंधरा वर्षांत फेडायचं तर हप्ता एक लाख सात हजारांच्या वर येतो. नुसत्या एमबीबीएस डॉक्टरला एवढा हप्ता भरणं पेलत नाही, आणि पुढे एमडीला जायचं तर तीन वर्षं आणखी. तेव्हा तुमच्यासारख्या घराने अभिमत विद्यापीठाचा विचार करू नये, हे मी स्पष्ट सांगतो. तिथे शिक्षण वाईट आहे असा याचा अर्थ नाही. ते तुमच्या शेतीवर झेपणारं नाही, एवढंच.

पण बिश्केक आणि कोटी या दोनच वाटा आहेत, असं जे तुमच्या डोक्यात बसवलं गेलं आहे, ते चुकीचं आहे. मधली वाट कुणी दाखवलेली दिसत नाही. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालय आणि अभिमत विद्यापीठ यांच्या मध्ये खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयं आहेत. त्यांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि महाविद्यालयागणिक ती वेगळी असते. आणि राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये काढलेल्या निर्णयानुसार, ज्यांच्या घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे अशा ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून घेतला तर माफी नाही. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ती लागू नाही. पण नियमित खाजगी महाविद्यालयाला आहे.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तुमची मुलगी मुलगी आहे, ओबीसी आहे, उत्पन्न पाच लाखांच्या आत आहे. तिने खाजगी महाविद्यालयाची शेवटची फेरी जरी गाठली, तरी तुमच्या खिशातून जाणार ते मुख्यतः हॉस्टेल, मेस, पुस्तकं आणि इतर किरकोळ शुल्क. म्हणजे घरापासून दोन-तीन तासांवर, मराठी बोलणाऱ्या रुग्णांत, बिश्केकपेक्षा कितीतरी स्वस्तात ती डॉक्टर होऊ शकते. परत येऊन एफएमजीई नाही, दुसरी इंटर्नशिप नाही. तुमच्या हाताशी असलेली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे आणि पत्रक छापणाऱ्याला ती सांगण्यात काहीच रस नाही.

राहिला प्रश्न थोडक्यात हुकलेल्या गुणांचा. तर सगळ्या फेऱ्या शेवटपर्यंत सोडू नका. उरलेल्या जागांसाठीची जी शेवटची फेरी असते, तीत गुणांची पायरी कधी कधी बरीच खाली येते, आणि लोक तोवर कंटाळून परदेशाचे पैसे भरून बसलेले असतात. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या प्रत्येक फेरीच्या, प्रवर्गनिहाय याद्या फुकट मिळतात. त्या छापून घ्या आणि मुलीचा क्रमांक पेन्सिलने स्वतः लावून बघा. सल्ला केंद्रातल्या माणसाच्या तोंडच्या आकड्यावर जाऊ नका.

तरीही यंदा नाहीच झालं, तर एक वर्ष तिला द्या. नीटचा पात्रता निकाल परदेशी प्रवेशासाठी तीन वर्षं चालतो. म्हणजे एक वर्ष थांबल्याने परदेशाची वाट बंद होत नाही, ती पुढच्या वर्षीही तशीच असणार आहे. ‘यंदाच भरा, पुढच्या वर्षी जागा नाहीत’ असं जो म्हणतो त्याला हा नियम माहीत असतोच. आपल्या भागात सरकारी जागाही वाढल्या आहेत. कोल्हापूरला शाहू महाराजांच्या नावाच्या महाविद्यालयात १५०, मिरजेला २००, आणि गेल्या काही वर्षांत सातारा, सिंधुदुर्ग, रत्नागिरी इथे प्रत्येकी १००. देशभरात २०१४ मध्ये एमबीबीएसच्या जागा एक्कावन्न हजारांच्या आसपास होत्या, त्या दहा वर्षांत एक लाख अठरा हजारांवर गेल्या. स्पर्धा कमी झाली नाही, पण रांगेचं तोंड रुंद झालं आहे.

एक एकराबद्दल. बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून सहसा घेत नाहीत, कारण कर्ज थकलं तर ज्या झटपट कायद्याने तारण जप्त करता येतं तो शेतजमिनीला लागू होत नाही. म्हणून मग माणूस पतसंस्थेकडे वळतो, नाही तर सरळ जमीन विकतो. उसाचं बिल दरवर्षी येतं, विकलेला एकर परत येत नाही. तुम्हाला दुसरं मूल असेल तर त्याचाही त्यात वाटा आहे, हे विसरू नका. तुमच्या घराने आज जमीन विकून मुलीला परदेशी पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उद्या तिने दुसऱ्यांदा परीक्षा दिली, फेऱ्या संपल्या, आणि तरीही तिची ओढ कायम असली, तर जमीन न विकता जमेल तेवढ्या पैशात, विद्यापीठाचा एफएमजीईचा निकाल बघून आणि पहिल्या दिवसापासून तिथली भाषा शिकण्याच्या बोलीवर विचार करा. विद्यापीठनिहाय निकाल परीक्षा घेणारं मंडळ वेळोवेळी प्रसिद्ध करतं. ज्या विद्यापीठाचे शंभर बसले आणि दहा पास झाले, तिथे जाऊ नका, मग मेसमध्ये रोज पिठलं-भाकरी मिळत असली तरी.

प्रश्न : आम्ही बेळगावचे. मुलगा मराठी शाळेत शिकला. कर्नाटकात राहत असल्याने महाराष्ट्राच्या जागा आम्हाला नाहीतच का? हुबळीकडचा एक एजंट जॉर्जियाला पाठवा म्हणतो.

उत्तर : तुमचं गाव महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांच्या यादीत असेल, तर महाराष्ट्राच्या वैद्यकीय प्रवेशात सीमाभागासाठी मोजक्या जागा राखीव असतात. मातृभाषा मराठी असल्याचा आणि त्या गावचा रहिवासी असल्याचा दाखला ठरलेल्या नमुन्यात लागतो. माहितीपुस्तिकेत तो नमुना छापलेला असतो, अर्ज भरण्याच्या आधीच काढून ठेवा, कारण कागदपत्रांच्या तपासणीच्या दिवशी धावपळ करून तो मिळत नाही. शिवाय कर्नाटकचे रहिवासी म्हणून तिकडच्या सरकारी जागांवर, बेळगावच्या सरकारी महाविद्यालयासकट, तुमचा हक्क आहेच. दोन्हीकडे अर्ज करा. जॉर्जियाचा खर्च मध्य आशियापेक्षा बराच जास्त येतो आणि परतल्यावरची परीक्षा तीच.

प्रश्न : मी स्वतः विद्यार्थिनी आहे. दोनदा नीट दिली, गुण फारसे वाढले नाहीत. घरचे तिसऱ्यांदा बस म्हणतात, नाही तर रशियाला जा म्हणतात. माझं मन उडालंय. काय करू?
— गडहिंग्लज

उत्तर : तू मनातलं खरं लिहिलंस, हे बरं केलंस. दुसऱ्या खेपेला गुण चांगले वाढले असते तर तिसरी खेप द्यावी असं म्हटलं असतं. वाढले नाहीत आणि मनही नाही, तर तिसरं वर्ष घालवू नकोस. रशियाला तर मुळीच जाऊ नकोस. ज्या अभ्यासाला इथे घरी बसून मन लागत नाही, तो सहा वर्षं बर्फात, परक्या भाषेत करायचा आहे आणि वर एफएमजीई आहे. आयुर्वेद, फिजिओथेरपी, नर्सिंग, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, यांतलं काय तुला आवडेल ते एकदा प्रत्यक्ष जाऊन बघ. गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात परवानगी काढून दोन दिवस परिचारिकांबरोबर उभी राहा. त्यात मन रमलं तर तुला रस्ता दिसेल. नाही रमलं, तरी वैद्यकीय क्षेत्र सोडण्यात काही कमीपणा नाही. आईवडिलांशी बोलायला जड जात असेल तर हे उत्तर त्यांच्या हातात दे.

प्रश्न : भावाच्या मुलासाठी एजंटाला पन्नास हजार टोकन दिलं. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका आणि पासपोर्टही त्याच्याकडे आहे. आता जायचं नाही असं ठरलं. तो म्हणतो, पैसे बुडाले.
— करवीर तालुका

उत्तर : पैशाच्या आधी कागद परत घ्या. मूळ गुणपत्रिका आणि पासपोर्ट अडवून ठेवण्याचा कुठल्याही खाजगी माणसाला हक्क नाही. तसं लेखी मागा, मागणीची प्रत जवळ ठेवा. आठवड्यात दिले नाहीत तर पोलीस ठाण्यात अर्ज द्या. पोलिसांचं नाव काढलं की बहुतेकदा कागद त्याच दिवशी मिळतात. पैशाबद्दल, पावती आहे का ते बघा. रोख दिले आणि पावती नाही, तर व्हॉट्सॲपवरचे निरोप, बोलणं झाल्याच्या तारखा, पैसे काढल्याची बँकेची नोंद, सगळं एका जागी लावून ठेवा. करार झाला असेल तर त्यात परताव्याची काय अट आहे ते वाचा, आणि वकिलाची नोटीस देऊन कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार करा. एवढ्या रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही, स्वतः अर्ज देता येतो. पुढच्या वेळी मूळ कागद कुणालाही देऊ नका. छायांकित प्रतीवर सही करून द्या आणि ती कोणत्या कामासाठी दिली ते तिच्यावरच लिहा.